आश्लेषाचा नागचाफा

"आश्लेषा," वामनभटजींनी पुकारलं, आणि सभामंडपात कोणी हललं नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आधी पुरुषांच्या बाजूला पाहिलं, मग बायकांच्या. मंडपाच्या पायरीशी वनीकरणाच्या जीपमधून उतरवलेली रोपं काळ्या पिशव्यांत ओळीनं उभी होती. प्रत्येक नक्षत्राचं एक झाड, अशी सत्तावीस. देवळामागच्या पडीक जागेत नक्षत्रवन करायचं असं आमच्या लक्ष्मीनारायणाच्या पंचांनी त्या वर्षी ठरवलं होतं. गोकुळाष्टमीच्या आठवडाभराच्या उत्सवाला सगळा गाव जमतो, म्हणून झाडं वाटून द्यायचं काम त्यातल्याच एका संध्याकाळी कीर्तनाच्या आधी काढलं होतं. ज्याचं जे जन्मनक्षत्र, त्यानं ते झाड काल्याच्या दिवशी आपल्या हातानं लावायचं आणि जन्मभर सांभाळायचं. त्याचं पान तोडायचं नाही, त्याचं औषधही पोटात घ्यायचं नाही. आराध्यवृक्ष म्हणतात तो हाच.

भटजींना मोठा हुरूप आला होता. नक्षत्र पुकारायचे, झाड दाखवायचे आणि वर त्याचा गुण सांगायचे. कृत्तिकेचा उंबर, फूल कोणाला दाखवत नाही पण फळानं लगडतो, तशी कृत्तिकेची माणसं केलेलं बोलून दाखवत नाहीत. मघेचा वड, पितरांना सावली देणारा. स्वातीचा अर्जुन, वाऱ्यात डोलतो पण मूळ सोडत नाही. त्यावर खोतांचे बाळकाका उठले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, डोलतात हे खरं, आणि मंडपभर हशा झाला. पुष्याचा पिंपळ आला तेव्हा सगळ्या बायका आमच्या सासूबाईंकडे वळल्या. पुष्याची बाई ज्या घरात येते त्या घरातलं पीठ सरत नाही, असं भटजी म्हणाले आणि त्यांच्याकडे पाहून हात जोडले. सासूबाईंना घरात आणि गावात जिजी म्हणत. जिजींनी तुळशीचा हार ओवता ओवता नुसती मान हलवली.

आणि मग आश्लेषा. आश्लेषावर जन्मलेली मुलगी सासूच्या मुळावर येते, असा समज. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत आश्लेषावर एकही मुलगी जन्मलेली नव्हती. निदान पत्रिका तरी तसंच सांगत. पुरुषांना ह्या नक्षत्राचा काही त्रास नाही, पण आश्लेषाचे जे दोघे पुरुष होते ते मुंबईला होते. नागचाफ्याचं रोप, तांबूस कोवळ्या पानांचं, पिशवीत तसंच उभं राहिलं.

"माझं आश्लेषा आहे," समोरून आवाज आला. "तिसरा चरण. कोणी घेत नसेल तर तो नागचाफा मला द्या."

बोलली होती चारू, उत्सवाला सांगलीहून आलेली कीर्तनकार. कीर्तनाला उभं राहायचं म्हणून नऊवारी नेसून, कपाळाला बुक्का लावून ती पेटीवाल्याशी सूर जुळवत होती. तिनं ते असं सांगितलं, जसं कोणी आपलं गाव सांगावं.

भटजींनी नागचाफ्याचा गुण सांगितलाच नाही. ते घाईघाईनं पुढच्या झाडाकडे वळले. मी मात्र जिजींकडे पाहत होते. त्यांची सुई हारात अर्धी गेली होती ती तिथंच थांबली. थोड्या वेळानं त्यांनी हार गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला आणि कीर्तन सुरू व्हायच्या आत उठून घरी गेल्या. आरतीआधी देऊळ सोडलेलं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आणि चारूला त्या उत्सवाला बोलावण्याची सगळी मांडामांड माझी होती.

ह्या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. मी आठल्यांच्या घरात थोरली सून होऊन आले ती कीर्तनाचं वेड घेऊनच. माहेरी सांगलीला शंकराच्या देवळात मी लहानपणापासून पुढच्या रांगेत बसलेली. पूर्वरंगात डुलक्या घेणाऱ्या बायकांना कोपरानं ढोसायचं कामही माझंच. त्या देवळात करमरकरबुवा कीर्तन करत आणि त्यांची मुलगी चारुशीला त्यांच्या मागं झांज धरी. मग ती स्वतः उभी राहू लागली. काय सांगू तिचा आवाज. उत्तररंगात आख्यान रंगलं की ती एका हातानं चिपळ्या आणि दुसऱ्या हातानं अख्खं देऊळ धरून ठेवी. माझा धाकटा दीर हेरंब मला माहेराहून आणायला म्हणून आला, एका संध्याकाळी खांबाला टेकून उभा राहिला, आणि पुढची दोन वर्षं काही ना काही कारण काढून सांगलीला जात राहिला.

दोघांचं मन जुळलं होतं. बुवांना पसंत होतं. राहिल्या होत्या जिजी. त्यांनी मुलीला आधी देवापुढं पाहावं, मग घरात विषय काढावा, असा माझा बेत. म्हणून पंचांच्या मागं लागून मी उत्सवाला करमरकरबुवांना आणि चारूला बोलावून घेतलं होतं. बेत फळलाही होता. पहिल्याच संध्याकाळी चारूचं आख्यान ऐकून जिजी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या होत्या, "नलू, असली पोर घरात हवी गो." मी मनात लाडू वाटून मोकळी झाले होते. आणि तिसऱ्या दिवशी ही झाडं आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विषय काढला. जिजी परसात शेवग्याचा पाला खुडत होत्या. म्हणाल्या, ही मुलगी नको. का नको, विचारलं, तर म्हणाल्या, नको म्हटलं ना. मी नक्षत्राचं नाव काढताच टोपली उचलून आत गेल्या.

मी वामनभटजींकडे गेले. त्यांनी पंचांग काढलं, बोटं मोजली, शांत करता येईल म्हणाले. नागाची पूजा, होम, दान, दोष निम्म्यावर येईल. निम्म्यावर म्हणजे काय, सासू अर्धी मरेल का, असं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण ब्राह्मण वयानं मोठा. घरी येऊन शांतीचं सांगितलं तर जिजींनी ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

मग सासऱ्यांकडे. त्यांना घरात सगळे भाऊ म्हणत. गावात मानाचे, कीर्तनाला सगळ्यांत पुढं बसणारे, पण घरातल्या कुठल्याही प्रश्नावर वर्तमानपत्र तोंडासमोर धरणारे. ते म्हणाले, हे तुम्हा बायकांचं, मला त्यात घेऊ नका. आमचे हे म्हणाले, उत्सव होऊन जाऊ दे, आधीच जेवणावळीनं डोकं उठलंय. मला तर वाटू लागलं की ह्या घरात भिंतीशी बोललेलं बरं, ती निदान पेपर वाचत नाही.

हेरंब पुण्याला नोकरीला होता, उत्सवासाठी म्हणून आला होता. त्यानं आपल्या पद्धतीनं खटपट केली. कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं होतं की तिकडे आयर्लंडच्या बाजूला जन्मतारखेवरून माणसाचं झाड ठरवतात, आणि त्या हिशेबानं चारूचं झाड निघत होतं ओक. तो जिजींना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून समजावत होता. ओक म्हणजे बळकट, घराच्या दारासारखा आधार देणारा, वादळात शेजारच्या झाडांना सांभाळणारा. सासूचा त्यात कुठं उल्लेखही नाही.

"मग तिकडेच जाऊन बिऱ्हाड करा," जिजी म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

तो चिडला. रजिस्टर लग्न करतो म्हणाला. पण ते चारूलाच नको होतं.

मला सगळ्यांत जास्त छळलं ते जिजींच्या वागण्यानं. मुलगी नको म्हणत होत्या, आणि तिला एवढं जपत होत्या की बघवेना. बुवा आणि चारू देवळाच्या ओवरीत उतरले होते, जेवायला आमच्याकडे येत. जिजी चारूच्या पानाकडे डोळा ठेवून असत. तिला आंबट वाढू नका, आवाज बसेल. दोन्ही वेळेला तिच्यासाठी ज्येष्ठमध घालून दूध. एकदा तर मी पाहिलं, चारू ओट्याशी वाकून हात धूत होती आणि जिजी तिच्या पाठीकडे बघत नुसत्या उभ्या होत्या, हातातला तांब्या वाकडा होऊन पाणी पायावर सांडत होतं ते त्यांना कळत नव्हतं. मुलगी आवडत नाही असं असतं तर मी भांडले असते. हे काय होतं तेच समजेना, आणि न समजणाऱ्या गोष्टीशी भांडायचं कसं.

चारूला मी देवळामागं गाठलं. खड्डे खणून झाले होते, प्रत्येकापुढं नक्षत्राच्या नावाची पाटी. ती आपल्या खड्ड्यातले दगड वेचून बाजूला टाकत होती. मी म्हटलं, बाई ग, तुला गप्प बसायला काय झालं होतं? झाड पोरकं राहिलं असतं तर राहू द्यायचं.

"वहिनी, कीर्तनात उभं राहून लोकांना खरं बोला म्हणून सांगते मी," ती म्हणाली. "माझ्या बाबांकडे माझी पत्रिका बदलून द्यायला दोघं तिघं आले होते. बाबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं."

"आणि आता लग्न मोडलं तर?"

"मोडलं तर मोडलं. पण जिजींनी मनापासून ये म्हटलं नाही तर मी त्या घरात ताठ उभी राहू शकणार नाही. चोरून आत शिरल्यासारखं जगायचं मला जमणार नाही."

तिचे डोळे भरले होते, पण दगड वेचायचं तिनं थांबवलं नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला. सगळेच आपापल्या जागी खरे, आणि धावाधाव करायची मी एकटीनं.

अष्टमीला दुपारी माझा बांध फुटला. उपास होता. दुसऱ्या दिवशीच्या पारण्याला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ ठरलेली, म्हणून जिजी मागच्या पडवीत रगड्यावर पीठ वाटत होत्या आणि मी भिजलेले तांदूळ पुढं सारत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं, सगळे पाळण्याची सजावट करायला देवळात. दगडाचा घरघर आवाज आणि वर जिजींचं ते मुकं तोंड. मी तांदळाचं भांडं आदळलं.

म्हटलं, "जिजी, एवढी भीती वाटते मरणाची? रोज देवापुढं बसता, एवढी वर्षं कीर्तनं ऐकली, ती सगळी कुठं गेली? एका पोरीच्या नक्षत्रापायी आपल्या मुलाचा संसार होऊ देणार नाही तुम्ही?"

सासूला असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. 

जिजींनी रगडा थांबवला. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले.

"माझी नाही गो भीती," त्या म्हणाल्या. "नलू, माझी पत्रिका खोटी आहे."

मला आधी कळलंच नाही.

"मी पुष्याची नाही. आश्लेषाची. बाबांनी जन्मवेळ मागं घेतली. पुष्य संपता संपता जन्मले असं लिहून घेतलं. नाहीतर मला कोणी पदरात घेतलं नसतं. मला सांगितलं होतं, तोंडातून शब्द काढायचा नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते रगड्याच्या पाळीकडे बघत, अगदी सपाट आवाजात सांगितलं. सोळाव्या वर्षी त्या ह्या घरात आल्या. त्यांच्या सासूबाई हौशी, देवळात पुष्याची सून आणली म्हणून मिरवून आल्या होत्या. पहिल्याच दिवाळीत त्या विषमज्वरानं पडल्या. पाणी घ्यायच्या तर जिजींच्याच हातून. लेकीला, भाऊंच्या थोरल्या बहिणीला, म्हणायच्या, तू राहू दे, माझी पुष्याची सून पाजील.

"मी चमच्यानं पाणी घालायची," जिजी म्हणाल्या, "आणि मनात म्हणायची, माझ्या हातचं नका घेऊ. अहो, माझ्या हातचं नका घेऊ. पण बोलणार कशी? बोलले असते तर बाबा खोटे पडले असते. त्या गेल्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या."

मी म्हटलं, जिजी, तो ताप होता, तुम्ही काय केलंत त्यात. त्या म्हणाल्या, डोक्याला कळतं गो, मी काय वेडी आहे? पण अजून कोणाला पाणी द्यायचं झालं की हात आखडतो.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी काय अमरपट्टा घेऊन आले आहे? उद्या मरेन, दहा वर्षांनी मरेन. ज्या दिवशी मरेन त्या दिवशी ती पोर काय करील सांग. माझं निदान कोणाला ठाऊक नव्हतं, मी एकटीनं गिळलं. हिनं तर भर मंडपात सांगून ठेवलंय. लोक तिच्या तोंडावर बोलतील. मला खोकला आला की तिचा जीव उडेल. असं जगणं मी जगले आहे. त्या गोड गळ्याच्या पोरीला मी हाताला धरून त्यात आणून बसवू?"

एवढी कीर्तनं ऐकलेली मी, मला त्या वेळी एक ओळसुद्धा आठवेना. मी नुसते त्यांचे पिठाचे हात धरले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, सोड, पीठ सुकतंय, आणि पुन्हा वाटायला लागल्या.

मी कोणाला काही बोलले नाही. भाऊंना नाही, ह्यांना नाही, हेरंबालाही नाही. ते गुपित जिजींचं होतं.  आता चारू आणि बुवा काल्यानंतरच्या गाडीनं परत जाणार, आणि झालं.

काल्याच्या दिवशी दहीहंडी फुटली, प्रसाद झाला आणि सगळा गाव देवळामागं जमला. बारीक पाऊस होता. भटजींनी मंत्र म्हटले आणि जो तो आपापल्या खड्ड्यापाशी गेला. भाऊंचं नक्षत्र पूर्वा, त्यांचा पळस कुंपणाच्या कडेला होता. मी रेवतीची, मला मोह. पिंपळासाठी पंचांनी मधोमध जागा ठेवली होती, त्याला पारही बांधायचा होता. रोपापाशी हळदकुंकवाचं तबक मांडून सरपंचीणबाई जिजींची वाट बघत होत्या. अगदी शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, चारू एकटी नागचाफा हातात घेऊन उभी होती. तिच्या आसपासच्या खड्ड्यांवरच्या बायका थोड्या सरकून उभ्या होत्या. फार नाही, थोड्याच. पण ते दिसत होतं.

जिजी देवळातून आल्या त्या पिंपळाकडे वळल्या नाहीत. पातळ वर खोचून, चिखलातून जपून पाय टाकत त्या सरळ मागच्या रांगेत गेल्या आणि चारूच्या समोर, खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

भटजी धावत आले. म्हणाले, जिजी, इकडे नव्हे, तुमचं पुष्य.

"नाही," जिजी म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण मंत्र थांबले होते आणि सगळ्यांना ऐकू गेला. "माझं आश्लेषा. लग्नाच्या वेळी खोटं सांगितलं होतं. माझंही झाड हेच."

 मी भाऊंकडे पाहिलं. ते पळसाला माती लोटत होते. त्यांचे हात थांबले, मग त्यांनी उरलेली माती लोटली, ती पायानं दाबली, आणि छत्री कुंपणाला टांगलेली तशीच सोडून पावसातून घराकडे चालू लागले.

जिजींनी त्यांना जाताना पाहिलं. मग त्या चारूकडे वळल्या. मी तोवर जवळ पोचले होते म्हणून मला ऐकू आलं.

"ये आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "लोक बोलतील तेव्हा तू एकटी असणार नाहीस. त्या वेळी मी सांगायला नसेन, म्हणून आज सांगून ठेवलं."

दोघींनी मिळून पिशवी फाडली आणि रोप खाली ठेवलं. चारू इतकी रडत होती की माती तिच्याऐवजी मीच लोटली.

लग्न मार्गशीर्षात झालं. सासू आणि सून एकाच नक्षत्राच्या असल्या तर दोष उरत नाही, असं वामनभटजींनी जाहीर केलं. हे त्यांनी कुठल्या ग्रंथात वाचलं ते कोणी विचारलं नाही. हेरंबाची बदली रत्नागिरीला झाली, त्यामुळे चारू आमच्यातच राहिली आणि आसपासच्या गावांत कीर्तनं करू लागली. जिजींनी एक नवीनच खूळ काढलं होतं. सकाळी उठल्या की आधी चारूच्या खोलीच्या दाराशी जायच्या आणि म्हणायच्या, उठले हं, बरी आहे मी. आतून चारू म्हणायची, एवढ्या पहाटे बरं कशाला असायचं जिजी, थोडं उन्हं आल्यावर बरं असा. दोघी हसायच्या.

भाऊ मात्र हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी जिजींशी बोलणं टाकलं. म्हणजे भांडण नाही, आदळआपट नाही. मीठ, पाणी, दिवा एवढ्यापुरते शब्द. जिजी वाढायच्या, ते खाली बघून जेवायचे. मी किती वेळा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि ते पेपर उलटत राहिले. एकदा मी सरळ म्हटलं, भाऊ, काय ते बोलून टाका, रागवा, पण बोला. ते उठून देवळात गेले. जिजी मला म्हणाल्या, त्यांची आई होती गो ती, असू दे. असू दे, असू दे. मला त्या असू देचा त्या वर्षी वीट आला.

वैशाखात जिजी गेल्या. सकाळी उठून चारूच्या दाराशी आपलं नेहमीचं बोलून आल्या, चुलीपुढं बसल्या आणि एकीकडे कलंडल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय थांबलं म्हणाले. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

चारू दगडासारखी झाली. रडली नाही, जेवली नाही. कोणी पाणी मागितलं तर ती मला हाक मारायची, आपण द्यायची नाही.  जिजी ज्याला भ्यायल्या होत्या ते समोर घडत होतं, आणि मी पुन्हा तशीच, हात चोळत.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर माणसं ओटीवर बसली होती. भाऊंच्या थोरल्या बहीण, दुर्गाआत्या, चिपळुणाहून आल्या होत्या. चारू आतून विड्याचं तबक घेऊन आली. तिनं ते त्यांच्यापुढं धरलं. आत्या तिच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी तबक हातानं बाजूला सारलं.

"एकीनं माझी आई नेली," त्या म्हणाल्या. "दुसरीनं तिला नेलं. झालं फिटंफीट."

 हेरंब उठायला लागला, ह्यांनी त्याचा हात धरला. चारू जाग्यावरच उभी, मान खाली, तबक हातात. मी पुढं झाले, पण त्याआधी भाऊ बोलले. खांबाला टेकून ते बसले होते, डोळे मिटून. सगळ्यांना वाटलं होतं झोप लागली आहे.

"दुर्गाताई, आई विषमज्वरानं गेली," ते म्हणाले. "त्या दिवाळीत गावात घरटी माणूस आजारी होतं. किती तरी गेले. त्यांच्या घरात कोणी आश्लेषाची सून नव्हती. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे."

आत्या म्हणाल्या, अरे, पण फसवलं त्यांनी आपल्याला.

"फसवलं. त्याचाच राग होता मला, आणि तो धरून मी नऊ महिने तिच्या हातचं मुकाट जेवलो." भाऊंचा आवाज फाटला.  "ती रोज वाढताना वाट बघायची. मला दिसत होतं. आई तापानं गेली, तू नाही नेलंस, एवढंच मला म्हणायचं होतं. आज म्हणू, उद्या म्हणू. तिला नाही म्हणालो. आता हिला तरी म्हणू दे."

ते उठले, चारूच्या हातातल्या तबकातला विडा घेतला आणि तिथंच उभ्यानं तोंडात टाकला. मग तिला म्हणाले, "पोरी, तुझी सासू तिचं हृदय थांबून गेली. तू कोणाला नेलं नाहीस."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढंसं वाक्य, आणि ते ऐकायला जिला सगळ्यांत हवं होतं ती तेरा दिवसांपूर्वी गेली होती. ते त्यांनी चुलीपुढं एकदा म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. पण चारूनं मान वर केली होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी तोंड मिटून राहिले.

भाऊ म्हणाले, "उद्या देवळात तू कीर्तनाला उभी राहा. तिच्यासाठी. मी मागं झांज घेऊन सूर धरायला उभा राहतो."

जन्मभर ते समोर बसलेले. कीर्तनकाराच्या मागं कधी उभे राहिले नव्हते. चारूनं पदरानं नाक पुसलं.

"माझी पट्टी उंच आहे, पेटीची काळी पाच, भाऊ," ती म्हणाली. "तुम्हाला चढी जाईल."

"जाऊ दे," भाऊ म्हणाले. "तू खाली येऊ नकोस."